मजा कशात जास्त: पेट्रोल की इलेक्ट्रिक?

जे आत्ता गाडी चालवता चालवता ऐकतायत, त्यांनी आवाज जरा कमी ठेवा आणि लक्ष रस्त्यावर. कारण आजचा विषयच गाडी चालवण्याचा आहे.

गेल्या सात-आठ महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न सांगू? "इलेक्ट्रिक घेतलीस ते ठीक आहे रे, पण चालवायला मजा येते का?" चार्जिंग, रेंज, किंमत, बॅटरीची वॉरंटी यावर शेकड्याने व्हिडिओ पडलेत, त्यामुळे आज त्यातलं काहीच नाही. आज फक्त मजा. स्टीअरिंगमागे बसल्यावर जे वाटतं, तेवढंच.

आणि माझ्यासाठी हा टाइमपास प्रश्न नाहीये. आमच्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग. घरात गाड्या दोन. एक बाबांची २०१२ची पेट्रोल स्विफ्ट, जिच्यावर मी गाडी शिकलो. दुसरी माझी इलेक्ट्रिक एसयूव्ही. तिचं नाव घेत नाही, नाहीतर तुम्ही म्हणाल जाहिरात करतोय. इतके दिवस एक गाडी रस्त्यावर लावत होतो. आता तेही बंद झालंय. त्यात स्विफ्टला २०२७मध्ये पंधरा वर्षं होतील, मग फिटनेस, रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण, ग्रीन टॅक्स हे सगळं मागे लागेल. म्हणजे एक गाडी ठेवायची, एक काढायची. मी डोक्याने नाही, मजेच्या हिशोबाने ठरवायचं म्हटलं. तो हिशोब आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी स्विफ्ट. तिच्या १.२ लिटरच्या इंजिनचा टॉर्क आहे ११४ न्यूटन-मीटर, आणि तो पूर्ण मिळतो ४००० आरपीएमला. आकडे सोडा, त्याचा अर्थ बघा. पूर्ण ताकद हवी असेल, तर इंजिन त्या ४०००पर्यंत तुम्हालाच न्यावं लागतं. ओव्हरटेक करायचाय? आधी अंदाज घ्या, थर्डमधून सेकंड टाका, रेस द्या, आणि मग ती उचलते. चुकीच्या गिअरमध्ये असाल तर गाडी कण्हते, ओढत नाही, आणि मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवतो. बरोबर गिअरमध्ये असाल तर मात्र वा! हात, दोन्ही पाय आणि कान एकाच वेळी कामाला लागलेले असतात.

कान हे महत्त्वाचं बरं का. पेट्रोल गाडी चालवणारा आरपीएमच्या काट्याकडे क्वचितच बघतो. आवाजावरून त्याला कळतं की आता गिअर बदलायला हवा. म्हणजे आवाज नुसता शौक नाही, ती माहिती आहे. आणि गाडी हलकी, हजार किलोच्या आतबाहेर. घाटात डावीकडून उजवीकडे वळवली की लगेच वळते.

आता इलेक्ट्रिक. मोटरचा टॉर्क शून्यापासूनच पूर्ण मिळतो. तिला आरपीएम चढायची वाट बघावी लागत नाही. गिअर बदलायचेच नाहीत, कारण बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये एकच ठरावीक गिअर असतो. पाय दाबला की गाडी निघाली. पहिल्या दिवशी सिग्नल सुटल्यावर मी जरा जोरात दाबला, तर शेजारी बसलेली बहीण ओरडली, "अरे, माझा चहा!" चहा तिच्या ड्रेसवर. ती गोष्ट अजून काढते.

पण खरं सांगतो, त्या सिग्नलच्या पिकअपची मजा पहिले दोन आठवडे. मग सवय होते. आणि हायवेला शंभरच्या पुढे गेलात, की सुरुवातीला बसणारा तो धक्का तितका जाणवत नाही, कारण वेग वाढतो तसा मोटरचा टॉर्क कमी होत जातो. नुसत्या पिकअपसाठी कोणी इलेक्ट्रिक घेणार असेल, तर मी म्हणेन, थांब.

मग टिकणारी मजा कुठली? ती मला घाटात सापडली. आणि तिथेच एकदा चांगला घामही फुटला. ते सांगतो.

आमचं गाव म्हसळ्याजवळ. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव असा रस्ता. घाटमाथ्यावरच्या एका गावात माझी आत्या राहते. आदल्या रात्री तिच्याकडे मुक्काम केला, पंधरा अँपिअरच्या प्लगवर गाडी रात्रभर लावली. सकाळी बॅटरी १०० टक्के. मी खूश. आई, बाबा, बहीण, मी, आणि डिकीत आत्याने दिलेली तांदळाची गोणी. निघालो.

इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलला की मोटर उलटं काम करते. म्हणजे चाकं मोटरला फिरवतात, ती जनरेटर होते, वीज बॅटरीत जाते आणि गाडीचा वेग कमी होतो. याला रीजन म्हणतात. मला त्याची इतकी सवय झाली होती, की उतारावर मी ब्रेकला क्वचितच हात, म्हणजे पाय, लावायचो. त्या दिवशी पहिल्या मोठ्या वळणाआधी नेहमीसारखा पाय उचलला. आणि गाडी थांबेचना. म्हणजे वेग कमी होईना. भरलेली गाडी, ओला रस्ता, समोरून एसटी येतेय. मी ब्रेक दाबला, वळण निघालं, काही झालं नाही. पण मागच्या सीटवर एकदम शांतता.

कारण अगदी साधं होतं. बॅटरी काठोकाठ भरलेली. परत आलेली वीज ठेवायची कुठे? म्हणून गाडी रीजन आपोआप कमी करते. स्क्रीनवर तशी सूचनाही आली होती, मी बघितली नव्हती. चूक पूर्ण माझी.

बाबा शांतपणे म्हणाले, "बाजूला घे." घेतली. मग म्हणाले, "मी तुला काय शिकवलं होतं? ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. या गाडीला गिअर नाही म्हणून तू तो नियमच विसरलास." बरोबर होतं त्यांचं. स्विफ्टमध्ये मी सेकंड गिअरमध्ये उतरलो असतो, इंजिनानेच गाडी धरून ठेवली असती, ब्रेक तापले नसते. इलेक्ट्रिकमध्ये ते काम रीजन करतं, आणि ते किती मिळणार हे बॅटरीत जागा किती आहे यावर ठरतं. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर चार्जिंग ८०-८५ टक्क्यांवर थांबवा. एवढी एक गोष्ट आजच्या एपिसोडमधून नेलीत तरी पुरे.

पुढचा घाट हळूहळू, ब्रेकवर उतरलो. परतीला चढून आलो. पण खरी गंमत महिन्याभराने. तोच रस्ता, तेवढंच ओझं, बॅटरी या वेळी सत्तरच्या आसपास. आणि स्टीअरिंगमागे मी नाही, बाबा.

हे का सांगतोय? बाबांनी दोन वर्षांपासून गाडी चालवणं सोडलं होतं. डावा गुडघा. क्लच दाबून दाबून पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तो सुजायचा. ज्या माणसाने मला ड्रायव्हिंग शिकवलं, तो पॅसेंजर सीटवर बसून मला "हळू, हळू" म्हणायचा, एवढंच उरलं होतं. तर त्या दिवशी ते म्हणाले, "दे इकडे, बघू तुझं खेळणं."

माझ्या गाडीत स्टीअरिंगमागे दोन पाती आहेत, त्यांनी रीजन कमी-जास्त करता येतं. पहिल्या दोन वळणांवर ते चाचपडले. तिसऱ्या वळणाआधी त्यांनी एक पात ओढलं, गाडी छान धरली गेली, वळण संपता संपता सोडलं. आणि म्हणाले, "अरे, हा तर सेकंड गिअर!" मग विळ्यापर्यंत ब्रेक जवळजवळ नाहीच. कुठे पकडायचं, कुठे सोडायचं, हे त्यांना बरोबर कळत होतं. चाळीस वर्षांचं ड्रायव्हिंग वाया गेलं नव्हतं. खाली काचा उघड्या, इंजिनाचा आवाज नाही, नुसता पाण्याचा आवाज. पावसाळ्यात ताम्हिणीत किती धबधबे असतात ते तुम्हाला माहीत आहे. ते स्विफ्टमध्ये मला दिसायचे. त्या दिवशी ऐकू आले.

घरी येऊन मी हिशोब केला. गाडी, माणसं, सामान मिळून साधारण १७०० किलो. उतार धरा ५०० मीटरचा. एवढं ओझं एवढं खाली येतं तेव्हा सव्वादोन युनिटच्या आसपास ऊर्जा सुटते. पेट्रोल गाडीत ती सगळी ब्रेक आणि इंजिनात उष्णता होऊन जाते. इलेक्ट्रिकमध्ये सगळी परत येत नाही, पण बराचसा भाग येतो. त्यामुळे घाट नीट उतरणं हे एक कौशल्य होतं, ज्याचे मार्क स्क्रीनवर दिसतात. बाबा आता दर वेळी तो आकडा बघतात. माझ्यापेक्षा त्यांचा जास्त असतो. काय करणार!

आता तुम्ही म्हणाल, गुडघ्याचाच प्रश्न होता तर पेट्रोल ऑटोमॅटिक घ्यायची. बरोबर. क्लच तिलाही नसतो. पण घाटात हातातला तो ताबा बाबांना या गाडीत सापडला, ही आमच्या घरची गोष्ट आहे. तुमच्या घरची वेगळी असेल.

आणि पेट्रोलवाल्यांची बाजूही मी खोटी म्हणणार नाही. जड गाडी ही जड गाडीच. बॅटरी तळाशी असल्यामुळे ती वळणावर कमी झुकते, पण सलग उलटसुलट वळणांवर तिचं वजन जाणवतं. तिथे स्विफ्ट अजूनही मला जास्त आवडते. शिवाय गिअरचा आनंद कंपन्यांनाही माहीत आहे. २०२३मध्ये ह्युंदाईने आयोनिक ५ एन नावाची इलेक्ट्रिक गाडी आणली, तिच्यात आठ खोटे गिअर आहेत आणि इंजिनाचा खोटा आवाज. गिअर बदलला की मुद्दाम झटका बसतो! काहीच हरवलं नसतं, तर एवढा खटाटोप कोणी केला असता का?

मग माझा हिशोब काय निघाला? स्विफ्टची मजा मोठी आहे, पण ती मला वर्षातून चार-पाच वेळा मिळते. रस्ता मोकळा, सकाळची वेळ, सोबत कोणी घाई करणारं नाही, तेव्हाच. बाकी दिवस चांदणी चौकात हाफ क्लचवर पाय धरून बसायचं. इलेक्ट्रिकची मजा लहान आहे, पण रोजची. आणि ती बाबांनाही मिळते. एका पार्किंगमध्ये दोघांची मजा बसते, म्हणून इलेक्ट्रिक राहतेय.

स्विफ्ट साताऱ्याला चुलतभावाकडे जातेय. तो एकोणीस वर्षांचा आहे, लर्निंग लायसन्स काढलंय. गिअर, क्लच, घाट, सगळं तिच्यावर शिकेल. ड्रायव्हिंग शिकायचं तर मॅन्युअलवरच, या मतावर मी आणि बाबा दोघंही ठाम आहोत. जायच्या आधी एका रविवारी पहाटे मी एकटा तिला ताम्हिणीत नेणार आहे. सेकंड गिअरमध्ये उतरणार. त्याचं रेकॉर्डिंग-बिकॉर्डिंग काही नाही.

तुम्ही गाडी बघत असाल तर शोरूमच्या भोवती एक चक्कर मारून ठरवू नका. तुमच्या रोजच्या रस्त्यावर मागा, जमलं तर एखाद्या घाटात, आणि घरातल्या सगळ्यांना चालवायला द्या. मग मला कळवा, तुमच्या घरी मजेचा हिशोब काय निघाला. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातले काही वाचून दाखवेन. तोपर्यंत सीटबेल्ट लावा, घाट सावकाश उतरा. भेटूया!