सोंग आणि माणूस



संयोजकांनी मला 'परदेशातले अनुभव' या विषयावर दहा-पंधरा मिनिटं बोलायला सांगितलंय. या विषयावर बर्फ, वेळेवर येणाऱ्या गाड्या आणि स्वच्छ रस्ते याखेरीज फारसं काही ऐकायला मिळत नाही. ते आता तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, तुमच्यातल्या कित्येकांची मुलं तिकडं शिकताहेत. म्हणून मी एकाच अनुभवाबद्दल बोलणार आहे. विषय जरा अवघड आहे आणि पुढच्या रांगेत आपल्या बाई बसल्यात, त्यामुळं जपून बोलेन. पण बोलेन.

कंपनीच्या कामासाठी मी तीन आठवडे लंडनला होते. एका रविवारी ऑफिसातल्या मैत्रिणी मला 'ड्रॅग ब्रंच'ला घेऊन गेल्या. ब्रंच म्हणजे उशिराची न्याहारी आणि लवकरचं जेवण एकत्र. आणि ड्रॅग म्हणजे, बहुतेक वेळा, पुरुषानं बाईचा झगमगीत वेश करून लोकांसमोर नाचणं, गाणं, नकला करणं. पुरुषाचा वेश घेणाऱ्या बायकाही त्यात असतात. लोक टेबलावर अंडी-पाव खात बसतात आणि कलाकार टेबलांच्या मधून फिरत कार्यक्रम करतात.

त्या दिवशी तिघं होते. त्यातला सूत्रधार सहा फुटांच्या वरचा, त्यावर वीतभर टाचांचे बूट आणि त्याहून उंच केसांचा टोप. दाराची चौकट ओलांडताना वाकावं लागत होतं. गाणं ध्वनिमुद्रित, पण ओठांची, भुवयांची, बोटांची हालचाल इतकी चपखल की आवाज त्याच्याच गळ्यातून येतोय असं वाटावं. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत आतून नवा पोशाख घालून बाहेर. आम्ही सॉफ्टवेअरवाले अर्ध्या सेकंदाच्या उशिरावरून भांडतो, त्यामुळं मला ती वेळेची शिस्त आधी दिसली. प्रेक्षकांची चेष्टाही चालली होती. शेजारच्या टेबलावर एक आजीबाई नातवंडांबरोबर वाढदिवस साजरा करत होत्या, त्यांच्या टोपीवरून सूत्रधारानं दहा मिनिटं घालवली. आजी हसून हसून बेजार. पण एक गोष्ट त्यानं सुरुवातीलाच बजावली होती : मी तुम्हाला हसणार, तुम्ही मला हसा, अंगाला हात लावायचा नाही.

बाहेर पडताना मैत्रिणीनं विचारलं, "तुला धक्का बसला असेल ना? तुमच्याकडं असलं काही नसेल."

मी म्हटलं, "आमच्याकडं अशा नटांच्या नावाची नाट्यगृहं आहेत."

तिला ते खरं वाटेना. मग ट्यूबमध्ये बसून मी तिला आपलं कोल्हापूर सांगितलं. तेच आज थोडं नीट सांगते, कारण आपल्यालाही त्याची उजळणी हवी आहे.

केशवराव भोसले कोल्हापूरचे. जन्म ९ ऑगस्ट १८९०. लहान वयात नाटक कंपनीत गेले आणि देवलांच्या 'शारदा' नाटकात शारदा म्हणून गाजले. १९०८ साली त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली. तिकडं त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. त्यांच्या नेसण्याची, अंबाड्याची, दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी या दोघांनी मिळून 'मानापमान'चा प्रयोग केला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मालक एकत्र उभे राहिले आणि तो प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात 'संयुक्त मानापमान' म्हणून राहिला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

सिनेमातही तेच. फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती म्हणजे अण्णा साळुंके. ते आधी खाणावळीत आचारी होते. पुढं १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम तेच आणि सीताही तेच.

इंग्रजांकडंही हेच होतं. शेक्सपिअरच्या काळात नायिका म्हणजे मिसरूड न फुटलेली पोरं. लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर पहिली नटी उभी राहिली ती १६६० च्या डिसेंबरात, 'ऑथेल्लो'मधली डेस्डेमोना म्हणून. १६६० म्हटल्यावर पन्हाळ्याच्या पोरांना सिद्दी जौहरचा वेढा आणि पावनखिंडच आठवणार. त्याच वर्षी पाच महिन्यांनी तिकडं ही घटना घडली, असं मी मैत्रिणीला सांगितलं. पावनखिंड समजावण्यात पुढची चार स्टेशनं गेली. मराठीत स्त्रियांच्या वेगळ्या नाटक मंडळ्या आधीपासून होत्या, पण स्त्रीची भूमिका स्त्रीनंच करायची हे वळण ठळक झालं ते १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'नंतर.

तर इथवरची गोष्ट सांगायला सोपी आणि अभिमानाची आहे. खासबागेचं मैदान १९१२ चं, त्याला लागून असलेलं पॅलेस थिएटर १९१५ चं, दोन्ही राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली. एका भिंतीच्या अलीकडं लाल मातीत पैलवान शड्डू ठोकतोय आणि पलीकडं नट शालू नेसून पद आळवतोय. महाराजांना दोन्ही हवं होतं. पुढं त्या थिएटरला नाव मिळालं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळालं तेव्हा आपल्या ग्रुपवर कितीतरी जणांनी रडल्याचं लिहिलं होतं. तो शोक खरा होता.

आता अवघड भाग.

त्याच कोल्हापुरात आणखी एक कलावंत होते, गणपत पाटील. आपण सगळ्यांनी तमाशापटांत त्यांचा नाच्या पाहिलाय. यष्टी, मान वळवणं, टाळी वाजवणं, एक शब्द टाकून अख्खं थिएटर हसवणं. वेळेच्या अचूकपणात ते कुणालाही हार गेले नसते. पण पडद्यावरचा नाच्या त्यांना आयुष्यभर चिकटला. घर-संसार असलेला माणूस, पण लोकांनी भूमिकेलाच माणूस धरलं. २००८ साली ते गेले.

नाच्या आला कुठून? तमाशात बायका येण्याआधी लावणीवर नाचायचा तो नाच्या पोऱ्या. गौळणीतली मावशीही पुरुषच. म्हणजे परंपरा जुनी, कष्ट तेवढेच, शिकणं तेवढंच. तरी बालगंधर्वांना पद्मभूषण, त्यांच्या नावानं पुण्यात रंगमंदिर, आणि नाच्या हा शब्द मात्र शिवी. असं का झालं, याचा मी बराच विचार केला.

एक कारण कलेतलं आहे. बालगंधर्वांचं सोंग समोर पुरुष आहे हे विसरायला लावायचं. नाच्याचं सोंग ते विसरू देत नाही. बाईपणाची ऐट आणि खालून डोकावणारा पुरुष, दोन्ही एकदम दाखवून तो हसवतो. लंडनचा तो सूत्रधार या दुसऱ्या जातकुळीतला होता. त्याला बघताना मला भामिनी आठवली नाही, गणपत पाटील आठवले.

दुसरं कारण कलेबाहेरचं आहे आणि ते जास्त मोठं आहे. संगीत नाटकाला तिकीट काढून येणारा वर्ग पांढरपेशा होता. तमाशा सांभाळला तो बहुतांशी दलित आणि भटक्या समाजातल्या कलावंतांनी, कनातीत, जत्रेत, धुळीत. साडी तीच होती. मान मिळायचा की नाही हे ठरायचं ती कुणाच्या अंगावर आहे आणि समोर कोण बसलंय यावरून.

आपल्या कागलच्या आनंद यादवांनी 'नटरंग' कादंबरीत हेच मांडलं. पैलवानी अंगाचा गुणा फड चालावा म्हणून नाच्या होतो आणि त्याची किंमत मोजतो. २०१० साली सिनेमा आला तेव्हा अतुल कुलकर्णींच्या कामासाठी आपण टाळ्या वाजवल्या. खासबागेची भिंत त्या एका माणसाच्या अंगातूनच गेली होती.

आणि आता आपल्या शाळेबद्दल. हे ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारून सांगते आहे. नाव घेणार नाही. ज्यांना कळेल त्यांनी मागं वळून बघू नका, तो आज आलेला नाही.

आठवीच्या स्नेहसंमेलनात आपल्या वर्गाचं नाटक होतं. त्या काळी मुलामुलींनी एकत्र नाटक करायचं नाही असा दंडक. नाटकात आईची भूमिका होती, ती एका मुलाला मिळाली. आजीचं लुगडं नेसून तो उभा राहिला. लढाईवर गेलेल्या मुलाची वाट बघणारी आई. पुढं बसलेल्या गावातल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. त्याला बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. सोमवारी शाळा भरली तेव्हा फळ्यावर त्याचं नवं नाव लिहिलेलं होतं. तो शब्द कोणता, ते तुम्हाला ठाऊक आहे. दहावीच्या निरोप समारंभापर्यंत तेच नाव चाललं.

मेळाव्याचं निमंत्रण द्यायला मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "नाटकाचं काही नाही गं, नाटक तर मला लई आवडलं होतं. पुढची दोन वर्षं तेवढी नको वाटतात. तिथं आलो की कुणीतरी त्याच नावानं हाक मारणार, आणि माझा पोरगा शेजारी उभा असणार." त्यानंतर तो कधी रंगमंचावर चढला नाही. मला सगळ्यात जास्त हळहळ त्याचीच वाटते. त्या दिवशी त्यानं जे केलं ते आपल्यापैकी कुणालाच जमलं नसतं.

हे कुणाला दोष द्यायला सांगत नाही. आपण बारा-तेरा वर्षांचे होतो आणि तो शब्द गावात, सिनेमात, एसटीत सगळीकडं ऐकू यायचा. पण आता आपण पंचेचाळिशीकडं आलोय. आपलीही मुलं आठवीत आहेत.

आणखी एक सांगायला हवं. आपल्या मित्रासाठी लुगडं हे सोंग होतं. नाटक संपलं, त्यानं शर्ट-चड्डी घातली. पण काहींसाठी उलटं असतं. त्यांचं सोंग म्हणजे शर्ट, आणि साडी हेच खरं रूप. हेही आपल्याला नवं नाही. यल्लम्माचे जोगते साडी नेसून, डोक्यावर जग घेऊन, चौंडक्याच्या तालावर आपल्या दारात यायचे तेव्हा आपल्या आया त्यांच्या परडीत जोगवा घालून पाया पडायच्या. त्याच आया त्या माणसाला ओसरीवर बसवून चहा द्यायच्या का, हे मात्र ज्यानं त्यानं आठवावं. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली तृतीयपंथी व्यक्तींना आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क दिला, २०१८ साली समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. कायद्यानं आपलं काम केलं. फळ्यावर कुणाचं नाव लिहायचं, ते कोर्ट ठरवत नाही. ते वर्ग ठरवतो.

लंडनचं मला कौतुक वाटलं ते एवढ्यापुरतंच. तिथं सगळं आलबेल आहे असं नाही; त्या कलाकारांनाही रस्त्यात टोमणे ऐकावे लागतात, हे तिथल्याच लोकांनी मला सांगितलं. पण त्या खोलीत एक नियम सगळ्यांना मान्य होता : कलेला हसा, माणसाला नाही. पोरांना समजावता येईल इतका तो सोपा आहे.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या बॅचच्या ग्रुपवर जुन्या टोपणनावांची यादी फिरते आहे. बाकीची राहू देत, मी 'ढापणी' होते आणि अजूनही आहे. पण त्या एका नावावर कुणी इमोजीसुद्धा टाकू नये. त्याला त्याच्या खऱ्या नावानं निमंत्रण पाठवू या, तेही एका माणसाकडून नको, सगळ्यांकडून.

दुसरी विनंती शाळेला. माजी विद्यार्थी निधीतून आपण संगणक देतोय, ते चांगलंच आहे. मी स्वतः ते बसवून देणार आहे. त्याबरोबर दरवर्षी स्नेहसंमेलनात एक बक्षीस ठेवू या, वेगळ्या वेशातल्या भूमिकेसाठी. मुलानं केलेल्या स्त्रीच्या भूमिकेसाठी, मुलीनं केलेल्या पुरुषाच्या भूमिकेसाठी. नाव केशवराव भोसल्यांचं देऊ. आणि बक्षीस देताना पोरांना सांगू, की कोल्हापुरातलं खासबागेजवळचं नाट्यगृह कुणाच्या नावाचं आहे आणि तो माणूस रंगमंचावर काय नेसून उभा राहायचा.

बक्षिसात स्टीलचा डबा नको एवढंच.