केफ्लाविक : परक्याने बांधलेले दार



आपल्यापैकी जे पुण्याहून विमानाने प्रवास करतात त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. लोहगावला तिकीट आपण दाखवितो, सामान आपण देतो. पण ज्या धावपट्टीवरून उडतो ती हवाई दलाची असते. गोव्यात दाबोळीला तीच तऱ्हा, तेथले यजमान नौदल. लोहगावचा तळ इंग्रजांच्या राजवटीतला, दाबोळीचा पोर्तुगीजांच्या. तरी आपल्याला त्याचे काही वाटत नाही. फार तर विमानाला उशीर झाला म्हणून आपण कुरकुरतो. कारण उघड आहे. हवाई दल आपले आहे, नौदलही आपले आहे.

आता घटकाभर अशी कल्पना करा, की साऱ्या देशाला परदेशी जाण्यायेण्याचा एकच मोठा विमानतळ आहे, आणि तो परक्या सैन्याच्या तळाच्या कुंपणात आहे. लेक परदेशाहून येणार म्हणून आईबाप तिला आणायला निघाले, तर त्यांना त्या तळाचे फाटक ओलांडून जावे लागते. आइसलँड नावाच्या देशात हे असे काही वर्षे नव्हे, काही दशके चालले. त्या विमानतळाचे नाव केफ्लाविक. त्याची हकीकत आज आपल्यापुढे ठेवायची आहे. मी विमानविद्येचा जाणकार नव्हे. माझे कुतूहल एवढेच, की घराचे दारच जर दुसऱ्याने बांधून दिले, तर घरधन्याने त्याचे काय करावे?

आइसलँड हे उत्तर अटलांटिकमधले बेट. आजही लोकसंख्या चार लाखांच्या आत. १९४० साली ती सव्वा लाखाच्या आसपास होती. आपल्याकडचा एखादा तालुकाही याहून मोठा निघेल! पण हे लोक आपली संसद सन ९३० पासूनची म्हणून सांगतात आणि सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या आपल्या गद्यकथा आजही मुळातून वाचतात. १९१८ पासून देश स्वतंत्र गणला जात असे. राजा मात्र डेन्मार्कचा. सैन्य त्यांच्याजवळ नव्हते. आजही नाही.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतले, आणि १० मे रोजी ब्रिटिश सैन्य आइसलँडमध्ये उतरले. कोणी बोलावले नव्हते. सरकारने निषेध नोंदविला आणि लोकांना सांगितले, की त्यांना पाहुणे समजून वागा. पुढच्याच वर्षी ब्रिटिशांची जागा अमेरिकेने घेतली. युद्ध ऐन भरात असताना त्या चिमुकल्या देशात चाळीस हजारांहून अधिक परके सैनिक होते. त्या काळच्या विमानांना अटलांटिक एका दमात ओलांडणे कठीण. म्हणून लॅब्रॅडोर, ग्रीनलंड, आइसलँड, स्कॉटलंड अशी ती दगडावरून दगडावर पाय टाकीत ओढा ओलांडावा तशी जात. त्यांतल्या एका दगडासाठी अमेरिकनांनी राजधानी रेक्याविकपासून पन्नासेक किलोमीटरवरचे एक उघडे, सपाट, वाऱ्याने झोडपलेले माळरान निवडले. २३ मार्च १९४३ रोजी तेथला मोठा तळ सुरू झाला. त्याला नाव दिले मीक्स फील्ड. आइसलँडमध्ये विमान अपघातात मरण पावलेल्या एका तरुण अमेरिकन वैमानिकाचे. आइसलँडचे काय होते? माळरान होते.

पण एवढेच सांगून थांबलो तर चित्र अपुरे राहील. त्या युद्धाने आइसलँडला रस्ते दिले, रोजगार दिला, हाती रोख पैसा दिला. तेथले लोक अर्ध्या थट्टेने त्याला ‘मंगल युद्ध’ म्हणतात. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात ठेकेदारी करून वाडे बांधणारे होते, तेव्हा आपण त्यांना हसू नये.

१७ जून १९४४ रोजी आइसलँड प्रजासत्ताक झाले. पुरते दीड वर्षही लोटले नाही, तोच ऑक्टोबर १९४५ मध्ये अमेरिकेने तीन ठिकाणच्या तळांची मागणी केली, आणि तीही ९९ वर्षांच्या करारावर! मुंबईच्या जमिनीचे व्यवहार पाहिलेल्यांना ९९ वर्षे म्हणजे काय ते सांगायला नको; देणाऱ्याचा नातूही ती जमीन परत पाहत नाही. आइसलँडने नकार दिला. मग १९४६ साली तडजोड झाली : विमानतळ आइसलँडच्या मालकीचा, सैन्य निघून जाईल, पण जर्मनीत येणाऱ्याजाणाऱ्या अमेरिकन विमानांसाठी तो अमेरिकन कंपनीच्या नोकरांकरवी चालेल. संसदेत ३२ विरुद्ध १९ मतांनी हा करार संमत झाला आणि त्यापायी मंत्रिमंडळ कोसळले. हाल्दोर लाक्सनेस यांनी ‘अणुकेंद्र’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी १९४८ साली लिहिली, ती याच देश विकण्याच्या वादावर. पुढे १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

३० मार्च १९४९ रोजी संसदेने ३७ विरुद्ध १३ मतांनी नाटो करारात सामील होण्याचे ठरविले. बाहेरच्या चौकात जमाव जमला, संसदेच्या काचा फुटल्या, अश्रुधूर सोडावा लागला. ज्या देशाला सैन्य नाही त्याने लष्करी करारात शिरावे, हा विरोधाभास लोकांना बोचत होता. कोरियात युद्ध पेटले आणि ५ मे १९५१ रोजी संरक्षण करार झाला. दोनच दिवसांनी अमेरिकन सैन्य केफ्लाविकला पुन्हा उतरले. संसदेचे शिक्कामोर्तब त्यानंतर झाले. आधी लग्न आणि मग पत्रिका! माझ्या मते या साऱ्या हकीकतीत आइसलँडच्या पुढाऱ्यांची सर्वांत लाजिरवाणी गोष्ट हीच. करार करणे गैर होते असे मी म्हणत नाही. पण लोकांना विचारायला ते भ्याले.

पुढली पंचावन्न वर्षे हा प्रश्न त्या देशाच्या उरावर बसला. १९५६ साली सैन्य हटविण्याचा ठराव झाला. त्याच वर्षी हंगेरीत रशियन रणगाडे घुसले आणि ठराव बासनात गेला. १९६० पासून केफ्लाविक ते रेक्याविक असे पायी मोर्चे निघू लागले. पंढरीची वारी पाहिलेल्या आपल्याला पन्नास किलोमीटर काही वाटणार नाहीत, पण तेथल्या वाऱ्यापावसात मुलाबाळांसह ती वाट चालणे सोपे नव्हते. उलट १९७४ साली सैन्य राहावे म्हणून ५५,००० हून अधिक लोकांनी सह्या केल्या. म्हणजे जवळजवळ दर चार माणसांमागे एक! घराघरांतून फूट होती. तळावर पगार चांगला मिळे, आणि त्यावर जगणाऱ्यांत केफ्लाविक गावचेच लोक पुष्कळ.

या वादातला मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग विमानांचा नव्हे, दूरचित्रवाणीचा आहे. सैनिकांच्या करमणुकीसाठी १९५५ साली तळावर दूरचित्रवाणी केंद्र निघाले. पुढे त्याची शक्ती वाढविली आणि रेक्याविकच्या दिवाणखान्यांत अमेरिकन चित्रे दिसू लागली. देशाचे स्वतःचे केंद्र तेव्हा नव्हतेच. पोरे आईच्या भाषेत ओव्या ऐकायच्या वयात गुराख्यांच्या गोळीबाराच्या गोष्टी इंग्रजीत पाहू लागली. १९६४ साली साठ मान्यवर नागरिकांनी संसदेकडे अर्ज केला, की हे प्रक्षेपण तळाच्या कुंपणाआतच ठेवा. पुष्कळांनी त्यांची टर उडविली. चाललेली करमणूक कोणाला बंद व्हायला हवी असते? पण त्या वादातून एक काम झाले. ३० सप्टेंबर १९६६ रोजी आइसलँडची स्वतःची दूरचित्रवाणी सुरू झाली. तीही किती दिवस, तर गुरुवार सोडून! आपल्याकडे दत्ताचा गुरुवार करतात, तसा १९८७ पर्यंत त्या देशाने दर गुरुवारी दूरचित्रवाणीचा उपवास केला. परक्याच्या केंद्रावर बंदी मागणे सोपे, आपले केंद्र उभारणे महाग. पावणेदोन-दोन लाखांच्या देशाने ते महाग काम केले.

मात्र या स्वाभिमानाला एक काळी कडाही आहे. आपल्या देशात कृष्णवर्णीय सैनिक पाठवू नका, अशी अट आइसलँडच्या सरकारने अमेरिकेला खासगीत घातली होती आणि ती कित्येक वर्षे पाळली गेली. आपले वेगळेपण जपण्याची धडपड आणि दुसऱ्याचा विटाळ मानणे यांतली रेघ किती बारीक असते, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

आता दाराच्या किल्लीचा प्रश्न. अमेरिकेला केफ्लाविक हवे होते ते रशियन पाणबुड्यांवर नजर ठेवण्यासाठी. ही गरज आइसलँडच्या मुत्सद्द्यांनी पुरती ओळखली. मासळी हा देशाचा जीव. तिच्यासाठी आइसलँडने सागरी हद्द वाढवीत वाढवीत २०० मैलांवर नेली. ब्रिटनने आपल्या मच्छीमारी बोटींच्या पाठीशी युद्धनौका धाडल्या. आइसलँडजवळ गस्तीची थोडी जहाजे आणि जाळी तोडण्याचे एक अवजार. फेब्रुवारी १९७६ मध्ये आइसलँडने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले, आणि केफ्लाविकचा तळ बंद होऊ शकेल अशी भाषा ऐकू येऊ लागली. नाटोची धांदल उडाली. जूनमध्ये ब्रिटनने २०० मैलांची हद्द मान्य केली. ज्या दाराबद्दल देशाने इतके अपमान गिळले, त्याच दाराची कडी नुसती वाजवून त्याने आपला समुद्र मिळविला!

व्यापाऱ्यांनीही ते दार वापरले. १९४४ साली कॅनडातून विमान चालविणे शिकून परतलेल्या तिघा तरुणांनी लोफ्टलेयडिर ही कंपनी काढली. मोठ्या कंपन्यांनी आपसांत ठरविलेले भाडे तिने जुमानले नाही. तिची विमाने हळू, वाटेत आइसलँडला थांबणारी, पण भाडे स्वस्त. युरोपातले तिचे ठाणे लक्झेंबर्ग, म्हणजे आणखी एक चिमुकला देश. अमेरिकेतले विद्यार्थी आणि खिसा हलका असलेले प्रवासी तिच्यावर लोटले. जेट विमाने अटलांटिक एका उड्डाणात पार करू लागल्यावर वाटेतले कित्येक थांबे ओस पडले. केफ्लाविक ओस पडले नाही, कारण तेथल्या लोकांनी थांबण्यालाच विक्रीची वस्तू केले : उतरा, दोन दिवस आमचा देश पाहा, मग पुढे जा. १९७३ साली ही कंपनी दुसरीत मिळाली. आजच्या आइसलँडएअरचे मूळ तेथे आहे.

प्रवाशांचे हाल मात्र चालूच होते. १४ एप्रिल १९८७ रोजी तळाच्या फाटकाबाहेर नवी इमारत उघडली, तेव्हा कोठे आइसलँडचा माणूस परक्याच्या अंगणातून न जाता आपल्या घरी येऊ लागला. इमारतीच्या खर्चाचा वाटा अमेरिकेनेही उचलला. नाव दिले लेफ एरिकसनचे, म्हणजे सन १००० च्या सुमारास अमेरिकेचा किनारा गाठणाऱ्या दर्यावर्दीचे. तुम्ही आमच्याकडे १९४१ मध्ये आलात, आम्ही तुमच्याकडे साडेनऊशे वर्षे आधी येऊन गेलो, हे इतक्या सौजन्याने दुसरे कोणी सांगितले नसेल.

आणि सैन्य? ते मोर्चांनी गेले नाही, ठरावांनीही गेले नाही. मार्च २००६ मध्ये अमेरिकेने आपण होऊन कळविले की आम्ही जातो, आणि ३० सप्टेंबरला ते गेले. ज्या सरकारांनी निष्ठेने साथ दिली होती त्यांना नीट विचारलेही नाही. शेकडो स्थानिक नोकऱ्या गेल्या. सैनिकांच्या रिकाम्या चाळींत पुढे शाळा निघाली, विद्यार्थी राहू लागले.

दोन वर्षांनी, २००८ मध्ये, देशाच्या बँका बुडाल्या. २०१० साली एयाफ्यात्लायेकुत्ल ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे विमानतळ बंद पाडले. गंमत अशी, की वारा उलट्या दिशेचा असल्याने केफ्लाविक बहुतेक दिवस उघडेच होते. त्या राखेने देशाचे नाव जगभर झाले, चलन घसरल्याने तो परवडूही लागला, आणि पाहुण्यांची रीघ लागली. २०१० मध्ये पाच लाखांच्या आत असलेले पाहुणे २०१८ मध्ये तेवीस लाखांवर गेले. त्या वर्षी विमानतळावरून सुमारे ९८ लाख प्रवाशांची ये-जा झाली, म्हणजे दर देशवासीयामागे अठ्ठावीस. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्लीहूनही तेथे विमान जाऊ लागले. ते काही आठवड्यांत बंद पडले, आणि मार्च २०१९ मध्ये ती कंपनीच बुडाली.

रेक्याविकच्या जुन्या वस्तीत आता सामानाच्या चाकांच्या पेट्यांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो आणि दुकानांच्या पाट्या इंग्रजीत झाल्या आहेत, अशी तक्रार तेथले लोक करतात. १९६४ च्या त्या साठ जणांना ती ओळखीची वाटली असती. फरक एवढाच, की या खेपेस दार उघडणारा हात त्यांचा स्वतःचा आहे, आणि मोर्चा कोणाच्या फाटकावर न्यावा हे ठरविणे कठीण झाले आहे.

अलीकडच्या वर्षांत पाणबुड्या हुडकणारी अमेरिकन विमाने केफ्लाविकला अधूनमधून पुन्हा येऊ लागली आहेत; जुन्या हँगरांची डागडुजी झाली. त्याच द्वीपकल्पात २०२१ पासून ज्वालामुखी जागे झाले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये लाव्हाने गरम पाण्याची मुख्य नळवाहिनी तोडली आणि भर हिवाळ्यात केफ्लाविक गावची घरे गारठली. लोकांनी विजेच्या शेगड्या मिळवून दिवस काढले. विमाने त्या दिवसांतही उतरत होती. बाहेर पडणाऱ्या प्रवाशांना दूर क्षितिजावरच्या धुराकडे बोट दाखवून मोटारवाले सांगत असतील, की पाहा, हे आमचे.