शहाण्यांनी टाळलेली पायरी

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी घरांतून पिढ्यानुपिढ्या ऐकवली जात आहे. शेताचा बांध, भाऊबंदकी, भाडेकरू अशा प्रकरणांत ती बऱ्याच अंशी खरीही आहे. परंतु ज्या सहा-सात वर्षांच्या बालकावर अत्याचार झालेला असतो, त्याला ही निवड उपलब्ध नसते. त्याच्या वतीने फिर्याद दाखल होते आणि एके दिवशी त्याला ती पायरी चढावीच लागते. त्या वेळी त्याचा हात कोणी धरलेला असतो, हा आजचा प्रश्न आहे.

आरंभीच एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचे लैंगिक शोषण अनुभवल्याचे सांगितले, आणि शोषण करणाऱ्यांपैकी निम्मे लोक बालकाच्या परिचयाचे किंवा विश्वासातले होते. कुटुंबव्यवस्था हा आपल्या अभिमानाचा विषय आहे, आणि तो असावाही. मात्र अत्याचार करणारा बहुधा अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी इसम नसतो. तो शेजारी असतो, नातेवाईक असतो, शिकवणीचे सर असतात. म्हणूनच अनेक घरांत 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हा व्यवहार पाळला जातो. त्या सव्वा लाखाची किंमत मोजते ते मूल, आणि त्यानंतर त्याच माणसाच्या हाती सापडणारे दुसरे मूल.

गोव्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मडगाव परिसरात फ्रेडी पीट्स नावाचा इसम निराधार मुलांसाठी आश्रम चालवीत असे. परोपकारी वृद्ध अशीच त्याची ख्याती होती. १९९१ साली त्याला अटक झाली, तेव्हा आश्रमातील मुलांचे वर्षानुवर्षे शोषण चालू असल्याचे उघड झाले. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. या धक्क्यातून त्या छोट्या राज्यात जी जागृती झाली, तिचे एक फळ म्हणजे २००३ चा गोवा बालक कायदा होय. त्यान्वये बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र बालन्यायालयाची तरतूद झाली. देशाला असा सर्वंकष कायदा मिळण्यास आणखी नऊ वर्षे लागली.

दरम्यान २००४ साली 'साक्षी' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने काही दंडक घालून दिले. बालक आणि आरोपी यांच्यामध्ये पडदा असावा, उलटतपासणीचे प्रश्न लेखी स्वरूपात न्यायाधीशांकडे द्यावेत आणि साक्षीच्या वेळी बालकाला पुरेशी विश्रांती मिळावी, असे ते होते. पुढे 'पोक्सो' या नावाने परिचित असलेला कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. वृत्तपत्रांत त्याची चर्चा होते ती शिक्षेच्या अंगाने, विशेषतः २०१९ च्या दुरुस्तीने फाशीची तरतूद झाल्यापासून. वस्तुतः या कायद्याचे खरे वेगळेपण त्याच्या कार्यपद्धतीत आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावयाचा. तो घेणारी अधिकारी शक्यतो स्त्री असावी, उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाची नसावी आणि तिच्या अंगावर गणवेश नसावा. बालकाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावयाची, तीही बालकाच्या विश्वासातील व्यक्तीसमोर. गुन्ह्याची माहिती असून ती न कळविणे हादेखील गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे कृत्य दडविल्यास त्याची शिक्षा अधिक आहे.

आता ऑगस्ट २०२४ मधील बदलापूर आठवावे. शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराची तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळत बसावे लागले. शाळेनेही वेळीच पोलिसांना कळविले नव्हते. २० ऑगस्टला लोक रेल्वेमार्गावर उतरले आणि फाशीची मागणी झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा त्याने बोट ठेवले ते या प्राथमिक कर्तव्यांवर. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मृत्युमुखी पडला आणि अनेकांच्या लेखी प्रकरण संपले. समाजाचा संताप स्वाभाविक होता, त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. तथापि रुळांवर उतरणारे हजारो आणि अशा मुलांच्या घरी पुढे वर्षभर जाणारे किती, हे गणित कोणी मांडत नाही.

खटला म्हणजे बालकाच्या दृष्टीने काय असते? समजा, दुसरीत शिकणारी एखादी मुलगी आहे. तिने घडलेली गोष्ट प्रथम आईला सांगितली, मग पोलिसांना, डॉक्टरांना, दंडाधिकाऱ्यांना. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, तिला न्यायालयात बोलावणे येते. न्यायाधीश आधी तिला नाव, शाळा, खरे-खोटे यांतला फरक असे साधे प्रश्न विचारतात, कारण तिला प्रश्न कळतात की नाही हे त्यांना ठरवायचे असते. मग खरी परीक्षा सुरू होते. लहान मुलांचे कालमापन दिनदर्शिकेने होत नाही. 'गणपतीच्या आधी', 'चाचणी परीक्षा होती तेव्हा', 'मामा आला होता त्या दिवशी' अशा खुणांनी ते होते. 'बारा तारखेला किती वाजता?' या प्रश्नाला ती गप्प बसते, किंवा घाबरून मान डोलावते. पूर्वीच्या जबाबाशी तफावत पडते आणि नेमक्या त्या तफावतीवर बचाव उभा राहतो. वकील आपले काम करीत असतो, आरोपीलाही न्याय्य सुनावणीचा अधिकार आहेच. म्हणूनच कायद्याने मधला मार्ग काढला: दोन्ही बाजूंचे प्रश्न न्यायाधीशांकडे जावेत आणि त्यांनी ते मुलाला समजेल अशा भाषेत विचारावेत. चारित्र्यावर शिंतोडे उडविणारे प्रश्न नकोत, वारंवार बोलावणे नको, आरोपी दृष्टीस पडणे नको. दखल घेतल्यापासून तीस दिवसांत साक्ष आणि शक्यतो वर्षभरात निकाल व्हावा, असेही कायदा म्हणतो. प्रत्यक्षात? बंगळुरूच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठातील बाल व विधि केंद्राने महाराष्ट्रासह पाच राज्यांतील विशेष न्यायालयांचा अभ्यास केला. वकील थेट मुलालाच प्रश्न विचारतात, आरोपी समोर येतो, मुदती पाळल्या जात नाहीत, आणि साक्ष फिरविणारी मुले मोठ्या संख्येने आहेत, असे त्यात आढळले. साक्ष फिरविणारे मूल खोटे असते असे नव्हे. पुष्कळदा ते थकलेले असते, किंवा आरोपी घरातलाच असल्याने घर सांभाळीत असते.

इमारतींचा प्रश्न हळूहळू सुटतो आहे. दिल्लीत कडकडडूमा येथे २०१२ साली असुरक्षित साक्षीदारांसाठी पहिले केंद्र उभे राहिले. महाराष्ट्रातील एका मूकबधिर, मतिमंद मुलीच्या खटल्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक उच्च न्यायालयाच्या क्षेत्रात अशी किमान दोन केंद्रे स्थापण्यास सांगितले. पुन्हा महाराष्ट्रातूनच आलेल्या प्रकरणात २०२२ साली त्यांची व्याप्ती वाढविली. आइसलँडने १९९८ पासून जबाब, तपासणी आणि मानसोपचार एका घरात, एका छपराखाली आणले. तसे करायला मोठा खजिना लागत नाही, खात्यांनी एकमेकांशी बोलावे लागते.

खेळणी ठेवली, भिंतीवर फुलपाखरे रंगवली, तरी माणूस लागतोच. २०२० च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती प्रत्येक बालकासाठी एक साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. ही व्यक्ती वकील नव्हे आणि पोलीसही नव्हे. तपासापासून निकालापर्यंत सोबत राहणे, पुढची तारीख कळविणे, परीक्षेच्या दिवशी साक्ष लागू नये म्हणून विनंती करणे, आदल्या दिवशी मुलाला न्यायालयाची खोली दाखवून आणणे ही तिची कामे. भरपाईचा अर्जही तिच्या आठवणीत असावा लागतो. भरपाई मिळण्यासाठी आरोपी दोषी ठरलाच पाहिजे असे नाही आणि अंतरिम रक्कम खटला चालू असतानाच मिळू शकते, हे अनेक पालकांना ठाऊकच नसते. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, तिची गतही अशीच. साहाय्यक व्यक्तीची नेमणूक पालकांच्या मर्जीवर सोडू नये, तिची माहिती त्यांना दिलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बजावले आहे.

अशा व्यक्तींची नोंदवही जिल्हा बाल संरक्षण कक्षात ठेवलेली असते. समाजकार्य किंवा मानसशास्त्राचे शिक्षण, अथवा पदवी आणि मुलांमधील कामाचा अनुभव असलेल्यांना तेथे अर्ज करता येतो. निवृत्त शिक्षिका, समुपदेशक आणि वस्त्यांतून बालवर्ग चालविणारे कार्यकर्ते यांपैकी अनेकजण त्यात बसू शकतात. मानधन अल्प आहे. गोपनीयता कडक आहे, घरी जेवतानासुद्धा मुलाचे नाव उच्चारायचे नसते. आणि एका मुलाचे काम हाती घेतले की ते दोन-तीन वर्षे सुटत नाही, हे अर्ज करण्यापूर्वीच समजून घ्यावे.