बोटातली अंगठी आणि गावाचा वारसा



फुटबॉल म्हटले की पायाने चेंडू टोलविणारे खेळाडू आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आम्ही आज बोलणार आहोत तो अमेरिकेतला फुटबॉल. त्यात लांबट चेंडू हाती धरून धावावयाचे, आणि शिरस्त्राण घातलेल्या प्रतिपक्ष्याने अंगावर झेप घेऊन धावणाऱ्यास आडवे करावयाचे. अजिंक्यपद मिळविणाऱ्या व्यावसायिक संघातील खेळाडूंना तेथे हिरेजडित अंगठी देण्याची प्रथा आहे. करंडक संघाच्या कपाटात राहतो, अंगठी खेळाडूच्या बोटात. मग संघाचा वारसा नेमका कोठे राहतो, हा आजचा प्रश्न होय.

उदाहरण म्हणून आम्ही ग्रीन बे पॅकर्स हा संघ घेतो. ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातले जेमतेम लाखभर वस्तीचे शहर. १९१९ साली कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅल्हून यांनी तेथे हा संघ काढला. मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीने खेळाडूंच्या पोशाखासाठी पैसे दिले, त्यावरून पॅकर्स हे नाव पडले. १९२३ साली लोकांना भाग विकून संघ सार्वजनिक करण्यात आला. या भागांवर लाभांश मिळत नाही आणि भाग फायद्याने विकताही येत नाही. तरीही १९३५ आणि १९५० साली संघ अडचणीत आला तेव्हा लोकांनी पुन्हा पदरचे पैसे घातले. त्या काळातील इतर लहान गावांचे संघ बुडाले किंवा मोठ्या शहरांत गेले. हा मात्र टिकला, आणि १३ अजिंक्यपदे मिळवून सर्वांच्या पुढे राहिला.

त्यांपैकी पाच पदे व्हिन्स लोम्बार्डी या प्रशिक्षकाच्या काळातली. तो १९५९ साली आला. आदल्या हंगामात संघाने एकच सामना जिंकला होता. ३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे येथे डॅलसविरुद्ध निर्णायक सामना झाला. थंडी शून्याखाली २५ अंश. पंचांच्या शिट्ट्यादेखील गोठल्या. अवघे १६ सेकंद उरले असता जेरी क्रेमर आणि केन बोमन यांनी समोरचा गडी रेटला, आणि त्या फटीतून बार्ट स्टारने चेंडू पार नेला. २१-१७ असा विजय झाला. त्या वर्षाच्या अंगठीत तीन हिरे बसविले. सलग तीन अजिंक्यपदांची ती खूण.

आता अंगठीची दुसरी बाजू पाहू. क्रेमरची पहिल्या सुपर बोलची अंगठी १९८१ साली विमानप्रवासात हरवली. पंचवीस वर्षांनी ती एका लिलावात प्रकटली आणि त्याला परत मिळाली. २०१६ साली त्याने स्वतःच ती लिलावात काढली. सव्वा लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. म्हणजे अंगठी हरवते, सापडते, विकलीही जाते.

याहून कठोर गोष्ट विली वुडची. १५ जानेवारी १९६७ च्या पहिल्या सुपर बोलमध्ये त्याने प्रतिपक्षाचा चेंडू हवेतच हिरावला, ५० यार्ड धाव घेतली आणि सामना फिरविला. २०२० साली तो वारला. अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंशामुळे त्याला ती धाव आठवतही नव्हती. गाव ज्या क्षणाचा उत्सव करीत होते, तो क्षण ज्याने घडविला त्याच्याच मनातून पुसला गेला होता!

डोक्यावरील आघातांबद्दल चार हजारांहून अधिक माजी खेळाडूंनी दावे लावले, आणि २०१३ साली लीगला तडजोड मान्य करावी लागली. श्रोतेहो, धनिक मालकाचा संघ असता तर सारा दोष त्याच्या माथी मारून मोकळे होता आले असते. येथे मालक लोक आहेत. विजय आमचा म्हणणाऱ्याने विजयाची किंमतही आमची म्हटली पाहिजे. भागधारक हा अभिमानाचा वाटेकरी, तसाच ऋणाचाही वाटेकरी.

क्रेमरला हे उमगले होते. विपन्नावस्थेतील जुन्या खेळाडूंना साहाय्य करणारा निधी उभारण्यात त्याने पुढाकार घेतला. गोठलेल्या मैदानावर त्याने जसा सहकाऱ्यासाठी खांदा लावला, तसाच तो पुढेही लावला. आमच्या मते संघाचा वारसा तो हाच. हिरे त्याची खूण सांगतात. पण तो चालवावयाचा असतो खेळ संपल्यावर, टाळ्या थांबल्यावर.