मायनर सेव्हन्थ आणि आपला षड्ज



चार स्वरांच्या एका कॉर्डवर व्याख्यान ते काय द्यावयाचे, असे पत्रिका वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल. बोलण्यापेक्षा आज मी वाजवणारच अधिक आहे, आणि म्हणून हा पियानो व्यासपीठावर आणला आहे. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी घरी गेल्यावर हे सारे पेटीवर करून पाहावे. पट्ट्यांची मांडणी तीच आहे.

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी उमटणारे तीन किंवा अधिक स्वर. सा, शुद्ध ग आणि प एकत्र दाबले की मेजर कॉर्ड होते. गांधार कोमल केला की ती मायनर होते. या मायनरच्या डोक्यावर कोमल निषाद ठेवला की झाली आपली मायनर सेव्हन्थ. सा, कोमल ग, प, कोमल नि. पाठ करावयाचेच असेल तर एवढे ध्यानात ठेवा: कोणत्याही पट्टीपासून, काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजत, आधी तीन, मग चार, मग पुन्हा तीन पट्ट्या पुढे जावयाचे. पांढरी दोन, पांढरी तीन आणि पांढरी सहा या ठिकाणांहून मोजले तर एकही काळी पट्टी लागत नाही. नवशिक्याने तेथूनच आरंभ करावा. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि करंगळी अशी बोटे पडतात, अनामिकेला सुटी.

येथवर सारे मोजणीचे काम झाले. शिकवण्याची पुस्तके पुष्कळदा येथेच थांबतात, आणि शिकणाऱ्याला बारा कॉर्ड्स पाठ होतात पण एकही ऐकू येत नाही. म्हणून ही कॉर्ड आतून उघडून पाहू.

पांढरी एक हा आपला षड्ज धरा. पांढरी दोनवरची मायनर सेव्हन्थ म्हणजे मग रे, म, ध आणि वरचा सा. डाव्या हाताने एकटा रे धरतो, उजव्याने म, ध, सा. (वाजवून दाखवितात.) आता उजवा हात जराही हलवत नाही, डावा तेवढा रे सोडून म वर नेतो. (पुन्हा वाजवितात.) ऐकलेत? उजव्या हाताचे तेच तीन स्वर आता एकदम उजळले. कारण म, ध, सा ही मुळात मेजर कॉर्ड आहे. रे, म, ध ही मायनर, म, ध, सा ही मेजर, आणि दोन्ही एकाच मुठीत. खाली कोणता स्वर आहे यावर कोणती बोलणार ते ठरते. रामो या फ्रेंच संगीतकाराने १७२२ साली हार्मनीवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या स्वरसमूहाला रे वर उभा मानावा की म वर, या प्रश्नाने त्याला पुढेही सोडले नाही. शेवटी तो दोन्ही प्रकारे वापरता येतो असेच त्याने मांडले. वादकाला यातून एक सोपी युक्ती मिळते: डाव्या हाताने मूळ स्वर धरावा आणि उजव्याने त्यापासून तीन पट्ट्या पुढची मेजर कॉर्ड दाबावी. चार स्वर शोधत बसण्याची गरज उरत नाही. मात्र चारही स्वर डाव्या हाताने अगदी खालच्या सप्तकात कोंबू नका. तेथे ते एकमेकांत कालवले जातात आणि नुसता घोगरा आवाज येतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या कॉर्डमधला वरचा सा पाहा. आपल्याकडे षड्ज अचल. तंबोरा जुळला की त्याचे स्थान ठरले. बाकीच्या स्वरांनी त्याच्याकडे यावे, त्याच्यापासून दूर जावे, त्याने जागा सोडावयाची नाही. मारव्यात गायक षड्जाला कितीतरी वेळ चुकवतो हे खरे, पण चुकवतो तो गायक. षड्ज आपल्या जागीच असतो. येथे मात्र काय होते? खाली रे आला, त्याक्षणी वरचा सा हा त्या रे चा कोमल निषाद झाला. घरधनीच आपल्या घरात पाहुणा ठरला! आणि पाश्चात्त्यांच्या जुन्या नियमाप्रमाणे हा सातवा स्वर एक पायरी खाली उतरला पाहिजे.

बाखच्या एका प्रसिद्ध रचनेत हे इतके स्वच्छ दिसते की दुसरे उदाहरण शोधू नये. ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’च्या पहिल्या भागाची हस्तलिखित प्रत १७२२ सालची, म्हणजे रामोच्या ग्रंथाच्याच वर्षाची. त्यातील पहिले प्रेल्यूड पांढरी एकचे. पहिल्या मात्राखंडात सा, ग, प, सा, ग हे स्वर एकामागून एक येतात. काही शंकाच नाही, आपण घरात आहोत. दुसऱ्यात तळाचा सा तसाच राहतो, वर येतात रे, ध, रे, म. ही आपली मायनर सेव्हन्थ, सातवा स्वर तळाशी घेतलेली. तिसऱ्यात दोनच स्वर हलतात: ध चा प होतो, आणि तळाचा सा नि वर उतरतो. चौथ्यात पुन्हा पहिलाच खंड. (चारही खंड वाजवून दाखवितात.)

दुसऱ्या खंडात सा ने जागा सोडलेली नाही. भोवतालचे स्वर बदलले, आणि तोच सा अस्वस्थ झाला. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला ही अस्वस्थता पहिल्याने जाणवतच नाही, कारण सा ऐकू येताच आपण मनाने समेवर येऊन बसतो. पाश्चात्त्य संगीत ‘नुसते चांगले वाटते, पण कळत नाही’ अशी जी तक्रार आपण करतो, तिचे एक मूळ येथे आहे असे मला वाटते. घरी प्रयोग करा. तंबोरा पांढरी एकला लावा आणि हे चार खंड वाजवा. दुसऱ्या खंडाशी तंबोरा सुखाने नांदतो. तिसऱ्यात नि येतो आणि तंबोऱ्याच्या सा शी घासतो. सतत वाजणारा षड्ज आणि हलणारा षड्ज एका बैठकीत बसत नाहीत. यात कोणाचे उणे नाही, पण दोन्ही एकदम हवेत म्हणणाऱ्याने हे घासणे कानाआड करू नये.

हाताने शिकावयाचे तर तीनच स्वरांनी शिकावे. डावा रे, उजव्यात म आणि वरचा सा. मग डावा प वर जातो. उजव्यातला म तसाच, सा नि वर उतरतो. मग डावा सा वर. म ग वर येतो, नि परत सा ला मिळतो. पंचम-धैवताची पूरके नंतर घाला. सावकाश वाजवा आणि वाजवताना वरची ओळ गा: सा, नि, सा. गाणाऱ्या गळ्याला जे कळते ते बोटांना उशिरा कळते.

चित्रपटसंगीतात रागाच्या चालीखाली अशा कॉर्ड्स घालण्याचे काम गोव्याहून मुंबईस आलेल्या वादकांनी आणि सेबॅस्टियन डिसोझांसारख्या संयोजकांनी केले. ते किती अवघड असेल याची कल्पना भीमपलासावरून यावी. सा, कोमल ग, प, कोमल नि हे चारही स्वर त्या रागात आहेत, तेव्हा षड्जावरची मायनर सेव्हन्थ बिनधोक बसेल असे वाटते. पण राग उभा आहे मध्यमावर, जो कॉर्डमध्ये नाहीच. आणि त्यातला गांधार मध्यमाचा कण घेऊन येतो, निषाद षड्जाचा. पियानोची पट्टी सरळ गांधारच देणार. म्हणून अशा चालीखाली कॉर्ड विरळ ठेवावी, आणि गायक गांधारावर असताना तोच स्वर पियानोने ठोकू नये, असे माझे मत आहे.

ही कॉर्ड नेहमी पुढेच ढकलते असेही नाही. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये माइल्स डेव्हिसच्या मंडळींनी ‘सो व्हॉट’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. पियानोवर बिल इव्हान्स होते. पांढरी दोन हा षड्ज मानला तर रचनेचे स्वर काफी थाटाचे निघतात. सोळा मात्राखंड त्याच षड्जावर, मग आठ खंड एक पट्टी वर, काळी दोनवर, आणि शेवटी आठ पुन्हा पांढरी दोनवर. खालून बास प्रश्न विचारतो, पियानो दोन कॉर्ड्सनी उत्तर देतो. त्यातली दुसरी खालून वर अशी आहे: सा, म, कोमल नि, कोमल ग, प. आपलीच मायनर सेव्हन्थ, मध्यम घातलेली आणि ऐसपैस पसरलेली. येथे कोमल निषादाला खाली उतरण्याची घाई नाही. कॉर्ड तंबोऱ्यासारखी बसून राहते. सोळा खंड संपून सगळेच एक पट्टी वर सरकतात, तेव्हा मात्र आपल्या कानाखालची जमीन हलते. ते ध्वनिमुद्रण आता लावतो. पहिले सोळा खंड बोटांवर मोजा आणि सतराव्याला काय होते ते ऐका.