न भिणारा कोल्हा

सौसर-पांढुर्ण्याच्या संत्रापट्ट्यात वसलेल्या मोहगावात रात्री कोल्हेकुई कानी पडली, तर जागलीला गेलेल्या शेतकऱ्याला तिचे नवल वाटण्याचे कारण नाही. निरोगी कोल्हा माणसाची चाहूल लागताच धुऱ्याआड नाहीसा होतो. त्याच्याहून लहान, काळ्या शेपटीटोकाचे खोकडही तसेच बुजरे. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण खरी असली, तरी हे प्राणी उंदरांचा फडशा पाडून त्या काकडीचे मोल चुकते करतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याचेही त्यांना संरक्षण आहे.

श्रोतेहो, सावध राहावयाचे ते न भिणाऱ्या कोल्ह्यापासून. भरदिवसा वस्तीत शिरणारा, हाकलूनही न हटणारा, झोकांड्या खात अंगावर येणारा कोल्हा बहुधा पिसाळलेला असतो. 2024 साली मुंबईच्या चेंबूर परिसरातील कोल्ह्यांतही रेबीज आढळला होता. अशा वेळी मुलांना घरात घ्यावे, जनावरापासून दूर राहावे आणि वनखात्यास कळवावे. त्याला घेरू नये. मेलेल्यालाही उघड्या हातांनी स्पर्श करू नये. बांधावर सापडलेली पिल्ले घरी आणू नयेत. मेलेली गुरे उघड्यावर टाकू नयेत आणि राखणीच्या कुत्र्यांना दरवर्षी लस टोचून घ्यावी.

एवढे करूनही दंश झालाच, तर जखम लहान आहे म्हणून स्वस्थ बसणे घातक ठरते. साधा ओरखडाही वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावा. तिखट, हळद, चुना यांपैकी काहीही लावू नये. मंत्र-गंड्यांत वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जखम खोल असल्यास लसीबरोबर प्रतिपिंडांचे औषधही द्यावे लागते. पोटात 14 सुया टोचण्याची पद्धत केव्हाच मागे पडली. आता लस दंडात देतात. मात्र ठरलेल्या सर्व मात्रा पुऱ्या केल्या पाहिजेत.

या रोगाची लक्षणे दिसण्यास बहुधा काही आठवडे, कधी महिने लागतात. जखम भरते, माणूस निर्धास्त होतो आणि विष मात्र मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकत असते. पाण्याचे भय एकदा उद्भवले, की वैद्यकाचे हात जवळजवळ टेकतात. पण हा मधला अवधी मनुष्याला मिळालेली संधीही आहे. 6 जुलै 1885 रोजी लुई पाश्चर यांच्या लशीची पहिली मात्रा नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला मिळाली आणि कुत्र्याने चावे घेतलेला तो मुलगा वाचला, तो याच अवधीत.

म्हणून पळणाऱ्या कोल्ह्याला वाट मोकळी द्यावी. दंशाला मात्र एका रात्रीचीही सवलत देऊ नये.