यंदा राहू द्या हिरवं
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

थंडी पडली की पुण्यात दोन प्रकारची माणसं लवकर उठतात. एक, डॉक्टरांनी फिरायला सांगितलेली आणि दुसरी, घरात कुंड्या असलेली. मी दोन्हींत मोडतो. कॅम्पातल्या आमच्या घराच्या आसपास पंचवीस-तीस जणांचं एक बागप्रेमी मंडळ आहे. मंडळाचं नाव मोठं, बागा मात्र गॅलरीएवढ्या. मी कविता करतो म्हणून तिथं सगळे मला ‘कविराज’ म्हणतात. शेवंतीवर मावा पडला की मात्र कविता कामी येत नाही. तेव्हा कडुनिंबाचं तेलच फवारावं लागतं.

आमचं वर्ष जानेवारीत नव्हे, कोजागरीच्या सुमारास सुरू होतं. पाऊस सरला की गुलाबाची छाटणी करायची. त्यानंतर साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलं येतात, म्हणजे डिसेंबरात बहर हाताशी. पिटुनिया, फ्लॉक्स, डॉग फ्लॉवर यांची रोपंही तोवर अंग धरतात. आणि नेमक्या तेव्हाच नाताळच्या सुट्या लागतात! कुणी कोकणात निघतं, कुणी लेकीकडे. मग कुंड्यांना पाणी कुणी घालायचं? आमच्यातले अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या खिशात सात-आठ घरांच्या किल्ल्या खुळखुळतात. शेजारच्या आंटी त्यांना नेवऱ्या आणि केक देतात. ते साखर वाढल्याची तक्रार करत खातात आणि त्यांच्या फर्नलाही पाणी घालून येतात.

एक जानेवारीला आमच्याकडे रोपांची देवाणघेवाण होते. नियम एकच : रोप स्वतः केलेलं हवं. सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून आणलेलं अण्णा पिशवीच्या मातीवरून ओळखतात. मग वेध लागतात ते प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाचे.

अशाच एका एक तारखेला, २०२२ साली, अण्णांनी मला पॉइन्सेटियाचं रोप दिलं. नाताळात दुकानादुकानांतून दिसतं ते लाल झाड. मूळचं मेक्सिकोचं. पॉइन्सेट नावाच्या अमेरिकेच्या वकिलानं १८२० च्या दशकात ते आपल्या देशात नेलं, म्हणून त्याचं नाव चिकटलं. आपण ज्याला फूल म्हणतो ती खरं तर पानंच. फुलं मधोमध, इवलीशी, पिवळी. आणि ती पानं लाल व्हायला ऊन नव्हे, अंधार लागतो. रात्री लांबल्या की झाडाला ऋतू कळतो. कित्येक आठवडे रोज रात्रभर सलग अंधार मिळावा लागतो. मध्येच दिवा लागला, तर झाडाला वाटतं, रात्र लहानच आहे. शेवंतीचंही तसंच. म्हणून तर पॉलिहाउसमध्ये रात्री दिवे लावून ती उशिरा फुलवतात. दिवसरात्रीच्या लांबीचा हा हिशेब गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडला. मला तो अण्णांनी गॅलरीत उभं राहून शिकवला.

त्या वर्षी दिवाळीनंतर अम्मीनं अंथरूण धरलं. तिची खाट गॅलरीच्या दाराशी. दिवसभर ती त्या झाडाकडे बघत पडायची. लाल होणार म्हणून मीच तिला सांगून ठेवलं होतं. रोज सकाळी विचारायची, “लाल हुआ क्या रे?” आणि रात्री तिला अंधाराची भीती वाटायची. “बत्ती नक्को बुझा.”

मी संध्याकाळी कुंडीवर खोकं घालायला लागलो. रात्री दोनला तिला जाग यायची. झाड दिसलं नाही की हाक मारायची. मी उठून खोकं काढायचो, झाड दाखवायचो. ती झोपायची, झाड जागं राहायचं. कुंडी गच्चीत नेऊन बघितली, तर दुसऱ्या दिवशी तिनं जेवणच नाकारलं. दिवाही हवा होता, झाडही समोर हवं होतं आणि ते लालही व्हायला हवं होतं.

नाताळच्या दिवशी अण्णा किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. हिरवंगार झाड बघून रागावणार, असं मला वाटलं. त्यांनी खाटेकडे पाहिलं, वरच्या दिव्याकडे पाहिलं. अम्मीशी दोन शब्द बोलले. निघताना दारात हळूच म्हणाले, “कविराज, झाडाला पुढच्या वर्षीही रात्र मिळेल. यंदा राहू द्या हिरवं.”

फेब्रुवारीत अम्मी गेली. गॅलरीतला दिवा मी बंद केला, तो पुन्हा लावावासा वाटला नाही. त्या डिसेंबरात झाड असं लाल झालं, की रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. मंडळानं ते प्रदर्शनात ठेवायचा आग्रह धरला. मी नाही म्हणालो. ज्या अंधारामुळे ते लाल झालं होतं, त्याचं बक्षीस घ्यायला माझा हात पुढे झाला नसता.

त्याच झाडाच्या फांद्या लावून मी दर पावसाळ्यात रोपं करतो. फांदी कापली की पांढरा चीक येतो, तेवढा डोळ्यांपासून सांभाळायचा. गेल्या एक जानेवारीला मंडळात नव्यानं आलेली एक मुलगी कुरकुरत होती, “काका, तुम्ही दिलेलं झाड लालच झालं नाही.” मी अण्णांच्या थाटात अंधाराचा हिशेब सांगणार होतो. पण आधी विचारलं, “रात्री दिवा लागतो का गं?”

“लागतो ना. बाळ तीन महिन्यांचं आहे. रात्रीतून चार वेळा उठते.”

अण्णा शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “मग यंदा राहू दे हिरवं.”